पहिला डीएसएलआर घेताय? आधी लेन्सचं ठरवा

मागच्या अंकात पहिल्या कॅमेऱ्याबद्दलचे प्रश्न पाठवा म्हटलं होतं, भरपूर आले, मनापासून आभार. बरेच एकसारखे होते ते एकत्र केलेत. वाचताना एक गोष्ट जाणवली, जवळपास सगळे "कुठली बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) घेऊ" असं विचारतात आणि लेन्सचा विषय कोणी काढतच नाही, बॉडीसोबत येईल ती येईल असं धरून चालतात. माझं मत बरोब्बर उलटं आहे. फोटो कशाचे काढणार ते आधी ठरवा, त्यावरून लेन्स ठरते, आणि लेन्स ठरली की बॉडी साधी घ्या, जुनी घ्या, चालते.

सातारा : ताई, आमची मुलगी सव्वा वर्षाची आहे, घरात मोबाईलवर काढलेले तिचे फोटो नेहमी हलतात. शिवाय कास जवळ, त्यामुळे फुलांचं आणि डोंगरांचं वेड आहेच. पहिलाच डीएसएलआर, बजेट लेन्स धरून चाळीस-पंचेचाळीस हजार. दुकानदार म्हणतो दोन लेन्सचं कॉम्बो घ्या, बॅग आणि ट्रायपॉड फ्री देतो. निकॉन घेऊ का कॅनन?

सुरुवात मुलीपासून करू, कारण तुमचं खरं अडलंय तिथेच. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली फोटो हलतो कारण उजेड कमी पडतो आणि शटर जास्त वेळ उघडं राहतं. आता नवा कॅमेरा आणून त्याच्यासोबत आलेल्या १८-५५ लेन्सने (हे आकडे मिलिमीटरचे, १८ वर दृश्य रुंद दिसतं, ५५ वर जवळ येतं) तोच फोटो काढलात तरी अडचण तशीच राहणार, कारण ती लेन्स ५५ वर नेली की एफ/५.६ च्या पुढे उघडतच नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). समजा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद, ३२०० ठेवला आणि शटर १/२५ सेकंद मिळालं, तर मुलीने मान वळवली की गेला फोटो. तिथेच ५० एमएम एफ/१.८ लावून पूर्ण उघडली तर जवळजवळ दहापट उजेड आत येतो, म्हणजे त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली शटर १/२५० ला जातं, आणि ती टाळ्या वाजवत असली तरी बोटं बऱ्यापैकी स्पष्ट येतात. लेन्सवर आयएस किंवा व्हीआर लिहिलेलं असतं ते तुमचा हात थरथरला तर सांभाळून घेतं, मुलगी हलली तर त्याचा काही उपयोग नाही, आणि हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही.

फक्त एफ/१.८ ला जवळून काढताना फोकसची जागा फार बारीक असते, डोळा स्पष्ट आला तरी कान धूसर होतो. म्हणून कॅमेऱ्याला स्वतःहून फोकस पॉइंट निवडू देऊ नका, एकच पॉइंट ठेवा, तो मुलीच्या जवळच्या डोळ्यावर धरा, आणि थोडं मार्जिन हवं असेल तर एफ/२.२ करा.

आता ५० घ्यायची का ३५, हा पुढचा प्रश्न येणारच. आपल्या बजेटमधल्या सगळ्या डीएसएलआरचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारा भाग, फुल फ्रेमपेक्षा (जुन्या फिल्मएवढ्या आकारापेक्षा) लहान असतो, त्यामुळे ५० ची लेन्स कॅननवर ८० सारखी दिसते आणि निकॉनवर ७५ सारखी. चेहऱ्याला फार सुंदर, पण दहा बाय दहाच्या खोलीत तुमची पाठ भिंतीला टेकेल आणि फोटोत मुलीचे पाय कापले जातील. या वेगळ्या लेन्सवर पैसे खर्च करण्याआधी एक करा, १८-५५ ची झूम रिंग ३५ वर आणा आणि चिकटपट्टी लावून टाका, आठवडाभर घरात तसेच फोटो काढा, मग पुढचा आठवडा ५० वर. फोटो हललेले आले तरी चालतील, आपल्याला फक्त कुठे घुसमट होते ते बघायचंय. निकॉनची ३५ एमएम एफ/१.८ डीएक्स (डीएक्स म्हणजे लहान सेन्सरसाठीची) अशा खोल्यांसाठी फारच छान लेन्स आहे, माझ्या मते निकॉन घेण्याचं सगळ्यात मोठं कारण तीच. कॅननकडे ५० एमएम एफ/१.८ एसटीएम आहे, ती दहा हजारांच्या आसपास मिळते, वापरलेली त्याहून बरीच कमी, आणि एवढ्या पैशात एवढी गुणी लेन्स दुसरी नाही.

निकॉनचा एक खड्डा मात्र बघून चला. डी३५००, डी३४००, डी५६०० या बॉडींमध्ये फोकसची मोटर नाही, मोटर लेन्समध्ये असावी लागते. स्वस्त मिळते म्हणून ५० एमएम एफ/१.८ डी घेतलीत तर ती बसेल, फोटोही निघेल, पण फोकस हातानेच करावा लागेल, आणि रांगणाऱ्या मुलामागे ते काही जमत नाही हो. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं बघा. त्यातही एएफ-पी लेन्स डी३१००, डी३२००, डी५१००, डी९० अशा जुन्या बॉडींवर फोकस करत नाही. कॅननमध्ये ही कटकट नाही, ईएफ माउंट (लेन्स बसवायची खाच) १९८७ साली आला तेव्हापासून मोटर लेन्समध्येच आहे.

कॉम्बोचं म्हणाल तर मी घेणार नाही. फ्री मिळणारे ट्रायपॉड बहुतेक वेळा इतके हलके असतात की कासच्या पठारावरच्या वाऱ्यात कॅमेऱ्यासकट डुलतात. आणि कॉम्बोमधली दुसरी मोठी लेन्स नीट वाचून बघा, कॅननची ७५-३०० असेल तर तिला आयएस नाही आणि लांबच्या टोकाला फोटो मऊ, म्हणजे जरा धूसर येतो. निकॉनच्या ७०-३०० एएफ-पी आणि १८-५५ एएफ-पी दोन्ही प्रकारात मिळतात, व्हीआर असलेली आणि नसलेली, दिसायला सारख्याच. कॉम्बोत बरेचदा नसलेलीच असते.

कंपनी कुठलीही घ्या, हातात धरून ठरवा, करंगळीला जागा मिळते का, चष्मा लावून व्ह्यूफाइंडरचा कोपरा दिसतो का. कॅननमध्ये ३०००डी घेऊ नका. तिचा लेन्स बसवायचा माउंट प्लॅस्टिकचा आहे आणि व्ह्यूफाइंडरशेजारी डायऑप्टरची छोटी चकती असते, जी फिरवून आपल्या नंबरनुसार आतलं दृश्य स्पष्ट करता येतं, ती तिला नाहीच. १५००डी त्यापेक्षा बरी, पण मी तुमच्या जागी असते तर चांगल्या अवस्थेतली वापरलेली कॅननची २००डी किंवा निकॉनची डी५६००, १८-५५ सकट घेतली असती आणि उरलेल्या पैशात ती एफ/१.८ ची लेन्स. कासला १८-५५ भरपूर आहे. १८ वर ठेवा, पायवाटेवरूनच खाली बसा, एफ/८ ते एफ/११, पुढची फुलं आणि मागचे ढग दोन्ही येतात. फुलांत उतरू नका, मागून येणाऱ्यालाही ती दिसायला हवीत.

नाशिक : सगळे म्हणतात डीएसएलआर संपला, मिररलेसच घे. मी कॉलेजला आहे, पैसे स्वतः साठवलेत. वाया जातील का?

नाही जाणार. डीएसएलआरची नवी मॉडेल्स थांबली हे खरं आहे, निकॉनचा डी३५०० २०१८ चा आणि त्याच्या पुढचा आलाच नाही, कॅननच्या त्या रांगेतला शेवटचा ८५०डी, २०२० चा. दोन्ही कंपन्यांचं लक्ष आता मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर, आर५०, झेड५०, झेड३० वगैरे. पण याचाच अर्थ लोक आपले चांगले डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स विकून मिररलेसकडे चाललेत, आणि साठवलेल्या पैशात शिकणाऱ्यासाठी याहून चांगला काळ मला तरी आठवत नाही. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून आहे, विचार कर केवढ्या लेन्स बाजारात फिरतायत. शिवाय उद्या मिररलेस घेतलास तरी कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स ॲडॅप्टर लावून त्यांच्या मिररलेस आर सिरीजवर उत्तम चालतात, निकॉनचाही एफटीझेड ॲडॅप्टर आहे, एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स त्यावर फोकस करतात, जुन्या डी लेन्स करत नाहीत. म्हणजे लेन्समध्ये घातलेला पैसा पुढे सोबत येतो.

बॅटरीचाही मोठा फायदा आहे. डीएसएलआरमध्ये आपण आरशातून सरळ समोरचं बघतो, स्क्रीन चालू ठेवावी लागत नाही, म्हणून डी३५०० एका चार्जवर कंपनीच्या मोजमापाने १५५० फोटो देतो. मिररलेसच्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये एवढं मिळत नाही, दोन बॅटऱ्या धरून चालावं लागतं.

मात्र तुला मुख्यतः व्हिडिओ करायचे असतील, रील्स, शॉर्ट फिल्म, तर सरळ मिररलेस घे, थोडं थांबून घे पण तेच घे. १५००डी किंवा डी३५०० वर व्हिडिओ चालू असताना फोकस शोधत बसतो आणि तू वैतागशील. डीएसएलआरमध्येच करायचं तर कॅनन २००डी बघ, तिच्या सेन्सरवरचा ड्युअल पिक्सेल फोकस व्हिडिओत बऱ्यापैकी पटकन पकडतो.

रत्नागिरी : वापरलेला कॅमेरा घ्यायचा तर नक्की काय तपासायचं? मुंबईला बोरा बाजारात जाणार आहे. आणि आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, कॅमेऱ्याचं काय होईल?

दोन्ही प्रश्न एकमेकांना जोडलेलेच आहेत, कारण वापरलेल्या लेन्समध्ये सगळ्यात आधी बुरशीच बघायची असते.

लेन्स बॉडीवरून काढा, दोन्ही झाकणं काढा, मोबाईलचा टॉर्च लावून मागच्या बाजूने आत उजेड सोडा आणि पुढच्या काचेतून जरा तिरकं बघा, सरळ बघितलंत तर टॉर्चच डोळ्यात जाईल आणि काही दिसणार नाही. हळूहळू लेन्स फिरवत, झूम करत बघा म्हणजे आतल्या एकेका काचेवर नजर जाते. दोन-चार धुळीचे कण सगळ्याच लेन्समध्ये असतात, त्यांनी फोटोला काही होत नाही. पण काचेच्या कडेने आत सरकणारे बारीक पांढरे धागे, कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले, दिसले तर ती लेन्स कितीही स्वस्त असो, खाली ठेवा. बुरशी काचेवरचं कोटिंग खाते, साफ केली तरी डाग राहू शकतात. कॅननच्या लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं पात्यांचं छिद्र, बॉडीवरून काढल्यावर उघडंच राहतं त्यामुळे आरपार दिसतं. निकॉनच्या या साध्या लेन्स काढल्यावर बंद होतात, मागे माउंटच्या आत एक छोटी पत्र्याची दांडी असते, ती नखाने अलगद सरकवा, पाती उघडतील. सोडल्यावर पाती झटकन मिटली पाहिजेत, आळसावून मिटली किंवा पात्यांवर तेलाची चमक दिसली तर तीही नको.

मग बॉडी. एफ/२२ ठेवून पांढऱ्या भिंतीचा नाहीतर आकाशाचा फोटो काढा, झूम करून बघा, काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ, ती साफ होते, पण ओरखड्यासारखी रेघ असेल तर व्यवहार तिथेच थांबवा. शटर किती वेळा उडालंय ते विचारा. निकॉनच्या फोटो फाइलमध्येच हा आकडा असतो, एखादा ताजा फोटो घेऊन फुकटच्या सॉफ्टवेअरने बघता येतो, कॅननच्या साध्या बॉडीत तो फाइलमध्ये येत नाही, वेगळं सॉफ्टवेअर नाहीतर सर्व्हिस सेंटर लागतं. या वर्गातल्या बॉडीचं शटर लाखभर वेळा उडेल असं साधारण धरतात, त्यामुळे शटरचा आकडा वीस-तीस हजारांवर असेल तर निर्धास्त घ्या, नव्वद हजारांवर असेल तर भाव तसा पाडून मागा. ग्रिपचं रबर सुटलंय का, बॅटरी फुगलीय का, कार्डाच्या खाचेतल्या पिना सरळ आहेत का, पॉपअप फ्लॅश उघडतो का, हे हातासरशी बघून होतं. मूळ बिल मागा आणि बिलावरचा सीरियल नंबर कॅमेऱ्याच्या बुडाशी असलेल्या नंबराशी जुळवा. न जुळणारा किंवा खरवडलेला नंबर असेल तर तो कॅमेरा कुणाचा तरी चोरीला गेलेला असू शकतो, अशा ठिकाणी घासाघीस करत बसू नका, निघा. सोबत आपलं मेमरी कार्ड न्या, आणि शक्यतो दिवसाउजेडी जा.

आता कोकणातला पाऊस. कॅमेरा लेदरच्या किंवा फोमच्या बॅगेत घालून कपाटात ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण, कारण बॅग ओल धरून ठेवते. स्वयंपाकघरात वापरतो तसा घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रता मोजायचा मीटर ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे, साठच्या वर चढू लागला की जेल बदला किंवा तापवून पुन्हा कोरडं करा. फार कोरडंही नको, लेन्समधलं वंगण आणि रबर त्याने खराब होऊ शकतं. तांदळात मात्र कॅमेरा पुरू नका, त्याची पावडर सगळीकडे शिरते. लेन्स तीन-चार झाल्या की विजेवरचा ड्राय कॅबिनेट घ्याच. आणि सगळ्यात चांगला उपाय म्हणजे कॅमेरा वापरत राहा, जुलैतही, कारण हवा आणि उजेड लागणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

हुपरी : आमचा चांदीच्या पैंजणांचा व्यवसाय आहे, ऑनलाइन विकायला फोटो हवेत. मॅक्रो लेन्स घ्यायची का?

मॅक्रो म्हणजे अगदी जवळून काढायची खास लेन्स, ती आत्ता नको. कॅननची १८-५५ पंचवीस सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते आणि ५५ वर ठेवली तर फ्रेममध्ये साधारण साडेसहा सेंटिमीटर रुंदीचं दृश्य येतं, पैंजणाचा आकडा आणि दोन-तीन घुंगरू एवढ्याला ते पुरतं. चांदीची खरी अडचण उजेडाची आहे, तिला जे समोर असेल ते ती दाखवते, तुमचा शर्ट, पंखा, खिडकीचे गज सगळं तिच्यात उमटतं. म्हणून खिडकीजवळ टेबल घ्या, सरळ ऊन नको, खिडकीला बटर पेपर लावा, दुसऱ्या बाजूने आणि वरून पांढरे थर्माकोल उभे करा, आणि एखाद्या कडेला काळ्या कागदाची पट्टी धरा म्हणजे घुंगरांचा गोलवा दिसतो, नाहीतर सगळं पांढरंफटक येतं. ट्रायपॉडवर एफ/११, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर. इथे मात्र ट्रायपॉड दणकट घ्या, वाचलेले पैसे त्यात घाला.

पुढे स्टुडिओ फ्लॅश लावायचा विचार असेल तर एक बघून ठेवा. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू यांच्या वरच्या फ्लॅशच्या खाचेत मधला पॉइंटच दिलेला नाही, त्यामुळे बाजारातले साधे स्वस्त ट्रिगर (दूरचा फ्लॅश उडवणारे) त्यांवर चालत नाहीत, कॅननसाठी बनवलेलेच घ्यावे लागतात. निकॉनला ही अडचण नाही.

बारामती : भिगवणला फ्लेमिंगो बघायला दरवर्षी जातो. पहिल्या कॅमेऱ्यासोबत १५०-६०० घेऊ का?

इतक्यात नको, पहिल्या वर्षी तरी नकोच. ती लेन्सच दोन किलोच्या आसपास असते आणि बॉडीपेक्षा कितीतरी महाग पडते. कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम किंवा निकॉनची ७०-३०० एएफ-पी व्हीआर घ्या, लहान सेन्सरमुळे त्या ४०० आणि ४५० सारख्या पोहोचतात. फ्लेमिंगो मोठा पक्षी, शिवाय कुंभारगावातून होडीने जाता, तेव्हा हे अंतर पुरतं. खंड्या, तुतवार असले छोटे पक्षी लांबून हवे असतील तर कमी पडेल, हे मान्य.

सकाळी लवकर जा, होडीवाल्यांना सूर्य आपल्या पाठीशी राहील अशी होडी लावायला सांगा, त्यांना ते बरोबर समजतं. उडणाऱ्या थव्याला शटर १/१६०० तरी ठेवा, फोकस मोड कॅननवर एआय सर्व्हो, निकॉनवर एएफ-सी, म्हणजे हलत्या पक्ष्यामागे फोकस सतत जात राहतो. होडी हलत असते म्हणून बसलेल्या पक्ष्यालाही १/८०० च्या खाली येऊ नका. आणि थवा उडावा म्हणून होडी अंगावर घालायला सांगू नका कृपया. ते पक्षी तिथे खायला आलेले असतात, थोडं थांबलात तर आपणहून उडतात.

लातूर : १८ मेगापिक्सेल आणि २४ मेगापिक्सेलमध्ये कितपत फरक पडतो?

पहिल्या कॅमेऱ्याला जवळजवळ काहीच नाही. १८ मेगापिक्सेलमधून अल्बमचा १२ बाय १८ इंचाचा प्रिंट छान निघतो. यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका, लेन्सला ठेवा.

पुणे : भाचा अमेरिकेतून येतोय, तिथे ऑफरमध्ये स्वस्त मिळतं म्हणतो. मागवू का?

बॉडी मागवू नका असं मी सांगेन. तिथल्या वॉरंटीवर इथे फुकट दुरुस्ती मिळत नाही, आणि पहिल्या वर्षात काही झालं तर वाचवलेले पैसे त्यातच जातात. लेन्स मागवायला हरकत नाही, तीत बिघडण्यासारखं कमी असतं, फक्त कस्टमचे नियम भाच्याला निघण्याआधी बघून घ्यायला सांगा आणि बिल जवळ ठेवू दे. तरीही बॉडीच आणायची ठरली तर नावांत गोंधळू नका, आपल्याकडचा १५००डी तिथे रेबेल टी७ नावाने विकतात आणि २००डी मार्क टू म्हणजे तिथला रेबेल एसएल३, कॅमेरा तोच. चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लागत नाही, पिन वेगळी असते एवढंच, ती कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते.